एप्रिलमधला पहिला सामना

हॅलन लेकच्या बेसबॉल मैदानावर मी तिकिटं विकायला लागले ते सत्तेचाळीस साली. आर्व्हिड लाहती तेव्हा तिथे जुना झाला होता. लोखंडाच्या खाणीतली धूळ छातीला सोसेना म्हणून त्याने खाण सोडली होती आणि मैदानाची माती धरली होती. गवत कापणं, माती सारखी करणं, चुन्याच्या रेघा मारणं, सगळं एकटा करायचा. बोलायचा अगदी कमी. मालकाशीही कमी आणि माझ्याशीही कमी. मैदान खेळण्याजोगं आहे का, असं पंचाने विचारलं की तो चालत मध्यापर्यंत जायचा, गुडघ्यावर बसायचा, तळहात मातीला लावायचा आणि मग ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा. त्याच्या ‘नाही’वर कोणी हुज्जत घातलेली मी तोवर पाहिली नव्हती.

आमचा संघ व्यावसायिक खरा, पण सगळ्यात खालच्या पायरीवरचा. वरचा एक मोठा क्लब आम्हाला खेळाडू पाठवायचा, त्यांचे पगारही तोच करायचा. मेच्या मध्याला हंगाम सुरू व्हायचा आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपायचा. एकशे वीस सामने. मिनेसोटाच्या वरच्या टोकाला उन्हाळा तेवढाच पुरतो.

सत्तावन्नच्या शरदात लीगचं पत्र आलं. पुढच्या वर्षापासून एकशे चाळीस सामने, सुरुवात अठरा एप्रिलला, शेवट वीस सप्टेंबरला. मोठ्या क्लबांना आपली पोरं जास्त दिवस खेळायला हवी होती. आमचे मालक गेरहार्ट यांचं गावात फर्निचरचं दुकान होतं. त्यांनी पत्र तिकीटखिडकीत उभं राहूनच वाचून दाखवलं.

“एप्रिलमध्ये जमीन गोठलेली असते,” आर्व्हिड म्हणाला.

“वरून वितळते की.”

“वरूनच वितळते. तेच वाईट. खाली दगड आणि वर लोणी.”

“मला कशाला सांगतोस? लीगच्या बैठकीत येऊन सांग. पाच मिनिटं मिळवून देतो तुला.”

आर्व्हिडकडे एक वही होती. दर वसंतात तो मैदानात एक लोखंडी सळई खुपसून बघायचा. ज्या दिवशी ती अडल्याशिवाय दोन फूट खाली जाईल, तो दिवस वहीत लिहायचा. बावीस वर्षांच्या बावीस तारखा. सगळ्यात लवकरची दोन मे. मी त्या टाइप करून दिल्या. जानेवारीत तो कागद कोटाच्या आतल्या खिशात घालून गेरहार्टसाहेबांबरोबर गेला आणि दोन दिवसांनी एकटाच बसने परत आला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“माणसं चांगली होती. कॉफी दिली. एकजण म्हणाला, स्केट्स घालून खेळा. हसले सगळे.”

“आणि मतं?”

“सात विरुद्ध एक.”

“म्हणजे आपण एकटेच पडलो.”

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “नाही पोरी. ते एक मत आपलं नव्हतं.”

गेरहार्टसाहेबांनीही एप्रिलच्या बाजूने हात वर केला होता. मोठा क्लब नाराज होईल या भीतीने. आर्व्हिड तेव्हा त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता.

त्या वर्षी मार्चपासून तो मैदानावर राबला. बर्फ फावड्याने काढला, वर कोळशाची राख पसरली, पत्र्याच्या पिंपांत पेंढा पेटवून ती पिंपं इंचाइंचाने ओढत फिरवली. खोकला वाढला. त्याची बायको हेल्मी डब्यात सूप घेऊन यायची आणि तो पिईपर्यंत पिंपाजवळ हात शेकत उभी राहायची.

खेळाडू एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आले. त्यातला रामिरो सिंत्रोन लाहतींच्या माडीवरच्या खोलीत राहायला आला. पोर्तो रिकोतल्या आरेसिबोचा, वीस वर्षांचा, दुसऱ्या बेसवर खेळणारा. चेंडू पडायच्या आधीच त्याचे पाय तिकडे वळलेले असायचे. असा खेळाडू आमच्या मैदानाने फार पाहिला नव्हता. हेल्मीने त्याला लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड दिले. वेलदोडा घातलेला तिचा गोड पाव तो सकाळी अर्धा संपवायचा.

“मिस्टर लाहती, ही थंडी जाते कधी?” त्याने एकदा मैदानावर विचारलं.

“मेमध्ये.”

“मग आपण आत्ता का खेळतोय?”

“पत्र आलंय,” आर्व्हिड म्हणाला. रामिरोला ती थट्टा वाटली. तो खूप वेळ हसला.

अठरा तारखेला बर्फ पडला. वीसला पुन्हा पडला. तेवीसला ऊन होतं आणि वारा तळ्यावरून येत होता. मोठ्या क्लबचा एक माणूस करड्या कोटात पाहणीला आला होता. गेरहार्टसाहेब आर्व्हिडला माझ्या खिडकीमागे घेऊन आले, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“आजही रद्द झालं तर ते संघ उचलून दुसऱ्या गावाला देतील. तसं त्याने तोंडावर सांगितलंय. पंच तुलाच विचारणार आहे.”

“सळई चार इंच जाते. पुढे ठण्ण वाजते.”

“आर्व्हिड, या गावात दुसरं काय आहे, सांग मला. खाण आणि हे मैदान. खाणीचं तुला माहीतच आहे.”

थोड्या वेळाने पंच आला. “काय लाहती, होईल ना?”

आर्व्हिड मध्यापर्यंत गेला नाही. खाली बसला नाही. हात खिशातच होते.

“होईल,” तो म्हणाला.

सहाव्या डावात एक चेंडू दुसऱ्या बेसच्या उजवीकडे सरपटत गेला. रामिरो धावला, वळला. वरचा चिखल पायाखालून सरकला आणि बुटाचे खिळे खालच्या गोठलेल्या मातीत रुतून बसले. अंग वळलं, पाय वळला नाही. त्याला बाकाची फळी काढून तिच्यावर उचलून नेलं. सामना पुढे चालू राहिला. आम्ही जिंकलो.

गुडघ्यातलं सगळं तुटलं होतं. संध्याकाळी आर्व्हिड आणि हेल्मी इस्पितळात गेले. तिथे काय झालं ते हेल्मीने मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. रामिरोने एकच विचारलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो,” आर्व्हिड म्हणाला.

रामिरोने तोंड भिंतीकडे फिरवलं. हेल्मीने पाव आणला होता, तो तिने उशाशी ठेवला. जूनमध्ये क्लबने त्याला तिकीट काढून घरी पाठवलं. माडीवरचं त्याचं सामान न्यायला दुसराच खेळाडू आला होता.

हंगाम ओढत नेला. एप्रिल-मेमधले अकरा सामने रद्द झाले. ते ऑगस्टमध्ये भरून काढायचे म्हणून एका दिवशी दोन-दोन सामने लावले. चेंडू फेकणाऱ्या पोरांचे खांदे गेले. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या, लोक बटाटे काढायला लागले, शिकारीच्या बंदुका साफ करायला लागले. शेवटच्या सामन्याला मी एकसष्ट तिकिटं विकली. आर्व्हिडने त्या दिवशीही रेघा मारल्या, पण दोऱ्याशिवाय. त्या वाकड्या आल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मोठ्या क्लबने संघ काढून घेतला. गेरहार्टसाहेब सांगायला आर्व्हिडच्या घरी गेले होते. हेल्मीने दार उघडलं आणि आत घेतलं नाही.

मैदान काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी घेतलं. तिथे बर्फ काढायच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. त्यातली एक गाडी आर्व्हिड चालवायचा, कारण दुसरं काम नव्हतं. मला खाणीच्या कचेरीत टायपिंगचं काम मिळालं.

साठ सालच्या डिसेंबरात वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. लीगने हंगाम पुन्हा एकशे वीस सामन्यांचा केला होता. सुरुवात मेच्या मध्याला. उत्तरेकडची थंडी आणि खेळाडूंच्या दुखापती, अशी कारणं दिली होती. मी तो तुकडा कापून लाहतींकडे घेऊन गेले. का नेला, कोण जाणे. त्याला बरं वाटेल असं काहीतरी डोक्यात होतं.

आर्व्हिडने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“हेल्मीला दाखवू नकोस,” तो म्हणाला.

“तुझं म्हणणं खरं ठरलं, आर्व्हिड.”

“ते तेव्हाही खरंच होतं. मीच ‘नाही’ म्हणालो नाही.”

मग त्याने मला एक काम सांगितलं. त्याला इंग्रजी नीट लिहिता येत नसे. रामिरोला पत्र लिहायचं होतं. क्लबच्या जुन्या कागदांत आरेसिबोचा पत्ता होता, तो मी शोधून काढला. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी लेखणी घेऊन बसले आणि तो खिडकीजवळ उभा राहिला. अर्धा तास गेला. शेवटी त्याने दोन वाक्यं सांगितली. त्या दिवशी मी खोटं बोललो. पाय कसा आहे ते कळव.

फेब्रुवारीत ते पत्र माझ्याकडे परत आलं, कारण पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता माझा घातला होता. त्यावर शिक्का होता, या ठिकाणी असा कोणी राहत नाही.

आर्व्हिड वाण्याच्या दुकानात भेटायचा. दर वेळी विचारायचा, “काही आलं?”

“नाही,” मी म्हणायचे.

“लांब आहे ते,” तो म्हणायचा आणि पिशवी उचलून गाडीकडे जायचा.