सासऱ्यांच्या जीपचं तेल

“तेल भरलं न, भाऊजी?” असं मेव्हण्यानं विचारलं तेव्हा मी “हाव” म्हणालो. तेल भरलेलं नव्हतं. काम चुकलं याचं मला फारसं वाटत नाही, नवशिक्याचं चुकतंच. ते “हाव” मात्र मला आजपर्यंत नीट झोपू देत नाही.

लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. माझी सासुरवाडी मोताळ्याजवळच्या एका खेड्यात. सासऱ्यांकडे लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप होती. काळ्या चिखलातून, नाल्याच्या पाण्यातून ती सरळ निघून जायची. त्याच दसऱ्याला तिची पूजा करून सासऱ्यांनी ती मुलाच्या हाती दिली होती. मेव्हणा तेव्हा मिसरूड फुटलेला. बाप आपल्यावर काही सोपवतो याचंच त्याला अप्रूप. तो रात्री जीपच्या मागच्या बाकावरच झोपायचा.

मी सरकारी वर्कशॉपमध्ये नोकरीला, म्हणून मला गाड्यांचं सगळं कळतं असा त्या घराचा समज. खरं तर मी स्टोअरमधला कारकून. नट-बोल्ट आणि तेलाचे डबे मिस्त्र्यांना काढून द्यायचो. तो समज मी कधी दुरुस्त केला नाही. मेव्हणा म्हणाला, मागून घरघर येते. मी म्हणालो, डिफरन्सलचं तेल बदलावं लागेल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, त्यातली दातेरी चाकं जाड तेलात बुडालेली असतात. ते तेल जुनं झालं असणार. मेव्हण्यानं लगेच मलकापूरहून डबा आणला.

दुसऱ्या दिवशी मी जीपखाली शिरलो, तर सासूबाई धावत आल्या.

“अव माय! जवाईबुवा मातीत लोळून राह्यले. लोक काय म्हन्तीन?”

“लोळू दे न,” मेव्हणा हसला. “भाऊजीले मिस्त्रीची हौस आली. गादी टाकतं का खाली?” आणि तो वैरण आणायला शेतात निघून गेला.

गोळ्याला दोन बुचं होती. खालच्यातून जुनं तेल काढायचं, वरच्यातून नवं भरायचं. वरचं बूच निघतंय याची खात्री केल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, हे मला पुढे कळलं. मी आधी खालचं उघडलं. काळं, जळकट वासाचं तेल घमेल्यात उतरलं. बूच परत बसवलं आणि वरच्याला पाना लावला. ते हलेना. पाना सटकला, बुचाच्या कडा झिजल्या. मग रॉकेल ओतलं, छिन्नी लावून हातोडा मारला. कोपरं सोलवटली. बूच होतं तिथंच.

जेवायची हाक आली म्हणून बाहेर निघालो. ओसरीवर सासऱ्यांसोबत चार शेजारी बसलेले. “झालं का, जवाईबुवा?” सासऱ्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

“पायलं का,” सासरे शेजाऱ्यांना म्हणाले, “मिस्त्रीची गरजच नाही आपल्याले.”

न उघडलेला डबा मी कडब्याच्या गंजीमागे सरकवला. संध्याकाळी मेव्हण्याला बाजूला घेऊन सांगू असं ठरवलं होतं. संध्याकाळी पाहुणे आले, ओवाळणं झालं, राहून गेलं. सकाळी बायकोची मावशी रेल्वेनं मलकापूरला उतरणार होती. तिला आणायला मेव्हणा जीपमध्ये बसला आणि त्यानं ते तेलाचं विचारलं. सासरे बाजूलाच चहाची बशी तोंडाला लावून उभे होते.

तो गेल्यावर मला एका जागी बसवेना. अंगणातून वेशीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. लांबून कुठलीही मोटार वाजली की रस्त्यावर जाऊन पाहायचो.

“जवाईबुवा, बसा न,” सासूबाई म्हणाल्या. “काऊन असे येरझारा घालून राह्यले? पोट दुखते का?”

“नाही, असंच.”

तेव्हाही सायकल घेऊन मागे गेलो असतो, तर तो स्टेशनवर भेटला असता. सासरे कुठं चालले विचारतील, एवढ्याच भीतीनं गेलो नाही.

जीप दुपारी आली, बैलजोडीच्या मागे, दोरानं बांधलेली. परतताना मागची चाकं एकदम जाम झाली आणि ती रस्त्याच्या कडेला उतरली होती. मावशीला खरचटलंही नव्हतं. सारं गाव मात्र वेशीपासून मागे चालत आलं होतं.

“वा रे डायवर!” सासरे गावादेखत ओरडले. “बैलानं ओढली! जीप चालवत होता का नांगर हाकत होता बे? कालच जवाईबुवानं नवं तेल टाकलं, आन् आज वाट लावली तुनं!”

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पायातल्या वहाणेकडे पाहत राहिलो. त्या रात्री वैरण टाकताना त्याला गंजीमागचा न उघडलेला डबा सापडला असणार, कारण सकाळी डबा तिथं नव्हता. पण मेव्हणा कोणालाच काही बोलला नाही. जावयाचं नाव काढलं असतं तर बहिणीला ऐकून घ्यावं लागलं असतं.

सासऱ्यांनी जीप भंगारात दिली. पुढे कितीतरी वर्षं घरातलं कोणतंही यंत्र, पाण्याचं इंजिनसुद्धा, त्यांनी मुलाच्या हाती पडू दिलं नाही. “यानं जीप खाल्ली,” असं येईल त्याला सांगायचे. आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मेव्हणा दर दिवाळीला जावयाच्या, म्हणजे माझ्या, पाया पडायचा. मी पाय पुढे करायचो.

गेल्या दिवाळीला त्यानं ट्रॅक्टरचा विषय काढला. स्वतः दोन पोरांचा बाप, तरी विचारताना आवाज चाचरत होता. “जीप खाल्ली, आता टॅक्टर खाशीन?” सासरे म्हणाले. तो उठला आणि रीतीप्रमाणे माझ्या पायांशी वाकला.

मी पाय मागे घेतले. त्याचे दोन्ही हात धरले. ते हात सोडले तर पुन्हा बोलणं होणार नाही असं वाटत होतं.

“मामा,” मी सासऱ्यांना म्हणालो, “जीप यानं नाही खाल्ली. मी जुनं तेल काढलं आन् नवं भरलंच नव्हतं. बूच निघालं नाही, सांगायची लाज वाटली.” सासूबाई दारातच थबकल्या. मी मेव्हण्याकडे वळलो. “तुनं मले विचारलं होतं, मी तुह्या तोंडावर खोटं बोललो. मंग साऱ्या गावात तुले बोलणं बसलं, तवाही गप राह्यलो. माह्यं चुकलं, बाबू. मले माफ कर.”