घाबरमामीची दाढ

तमाम अकोला शहरास कळविण्यात येते की, आमची मामी घाबरली आहे. तरी सर्वांनी हातातली कामे टाकून तिच्या अंगणात जमावे!

अशी दवंडी कुणी प्रत्यक्ष पिटत नसे, एवढंच. बाकी थाट तोच. "मले घाबरून राह्यलं वो!" ही हाक उठली की शेजारचे रहीमचाचा ऑटो वळवून दारात लावत आणि मामा चष्मा शोधू लागत. वऱ्हाडात घाबरायला साप किंवा वाघ लागत नाही. छातीत धडधडलं, श्वास कोंडला, हातांना मुंग्या आल्या की माणसाला घाबरतं. मामीला ते इतक्यांदा व्हायचं की आम्ही भाचरांनी तिचं नावच घाबरमामी ठेवलं. तिला ते ठाऊक होतं. मला वाटतं, आवडतही होतं.

साडी बदलल्याशिवाय मात्र ती ऑटोत बसत नसे. "मराचंच हाये तं चांगल्या लुगड्यात मरीन." मग रस्ताभर वाटण्या चालत. "मिक्सर भाच्याले. कूलर थोरल्या जावेले देऊ नका, तिले कदर नाई." रहीमचाचा आरशात बघून विचारत, "भाभी, मेरे लिए कुछ?"

"तुमाले आंब्याचं लोनचं. बरनी वापस करजा पन."

मेल्यावर बरणी कोणाच्या हातात द्यायची, हे विचारायची आमची कुणाची छाती नव्हती.

दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, निघे आणि ती नॉर्मल निघे. मामीला हा अपमान वाटे. "नार्मल? मंग मी का नाटक करून राह्यली?" तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई मात्र कधी हसल्या नाहीत. "नाटक नाही, मामी. हा घाबरण्याचा झटका. भीतीसकट एकदम येतो, थोड्या वेळात ओसरतो. त्यावरही उपाय आहे. पण हा कोणता आणि हृदयाचा कोणता, हे घरी बसून ठरवायचं नाही. दर वेळी या. आणि नेहमीपेक्षा काही वेगळं झालं, जबडा दुखला, पाठ दुखली, खांदा भरून आला, घाम फुटला, विनाकारण गळून गेल्यासारखं झालं, तर आधी या."

एवढ्या लांब बोलण्यातून मामांनी 'नाटक नाही, पण नॉर्मल' एवढंच घरी नेलं. मामीने 'दर वेळी या' हे आमंत्रण नेलं, आणि पुढच्या खेपेला बाईंसाठी कुरड्यांचा डबा घेऊन गेली.

हे सगळं मी आजही साभिनय सांगतो आणि माणसं पोट धरून हसतात. पण तिच्या त्या भीतीला एक सुरुवात होती. तिचा तिवशाचा भाऊ जेवता जेवता "गॅस झाला" म्हणून पाटावरून उठला आणि ओसरीपर्यंतही पोचला नाही. तेव्हापासून मामी स्वतःच्या छातीला कान लावून बसलेली असे. आणि आम्ही सगळे तिच्या हाकेला.

गेल्या मे महिन्यात मी अमरावतीहून तिच्याकडे गेलो होतो. सकाळी मामी कैऱ्या फोडत होती. मधेच अडकित्ता खाली ठेवून गाल दाबत म्हणाली, "दाढ ठनकून राह्यली." मामांनी लवंग दिली. तिने ती दाढेत धरली आणि कूलरसमोर जाऊन बसली. कूलरच्या वाऱ्यात तिचं पोलकं घामाने भिजत होतं.

"केवढी घामेजली तू," मी म्हणालो.

"अरे, अकोल्याचा मे हाये," मामाच बोलले. "घाम नाई तं का थंडी वाजन?"

"गळल्यावानी वाटते," मामी म्हणाली. "पडतो जराशी."

तिने साडी बदलली नाही, कोणाला हाक मारली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मामांनी मला खुशीत डोळा मारला. "आज चांगली हाये. पाह्य, कशी शांत झोपली."

चहाच्या वेळेला रहीमचाचा बर्फ घेऊन आले. आत डोकावले आणि त्यांच्या हातातलं भांडं खाली आदळलं. "अरे, भाभी का रंग देखो! उठाओ!"

सगळ्या वाटेत मामी एक शब्द बोलली नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते. मामी गेली, असं त्यांनी सांगितलं. मग हळूच विचारलं, "त्रास कधीपासून होता?"

"सकाळपासून. दाढ दुखत होती," मी म्हणालो.

"मग सकाळीच का नाही आणलंत?"

मामा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते एकदम पुढे आले आणि सगळा व्हरांडा वळून बघेल एवढ्या मोठ्याने ओरडले, "अवो बाई, ती घाबरलीच नाई नं! घाबरली असती तं आनलं नसतं का?"