धुळीची पिशवी

औशातला बसवंत देव्हारे करतो. घर लिंगायत वाण्याचं, बापाचं किराणा दुकान होतं. पण याचा हात तागडीत रमला नाही, लाकडात रमला. त्याच्या सागवानी देव्हाऱ्यांना लातूरपासून नांदेडपर्यंत गिऱ्हाईक आहे. त्याच्या शेडची आणि आमच्या घराची मधली भिंत एकच. मी अनंतराव, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. मला न विचारता या गल्लीत कोणी पंखासुद्धा घेत नाही, आणि कोणी घेतलाच तर मी त्याच्याशी आठ दिवस बोलत नाही. या स्वभावाचं मला फार कौतुक होतं. आज त्याची किळस येते.

बसवंतच्या कामाची एक रीत आहे. सांध्यात किंवा गाठीपाशी बारीक भेग राहिली, तर तो बाजारातली लांबी, म्हणजे तयार पुट्टी, भरत नाही. त्याच देव्हाऱ्याचं लाकूड घासताना निघालेली भुकटी तो डिंकात कालवून भरतो. मग भेग कुठं होती, ते त्याचं त्यालाही सापडत नाही. ती भुकटी गोळा करायची, जुन्या सुती लुगड्यातून गाळायची आणि डब्यात भरून ठेवायची, हे काम त्याची बायको नीलाबाई हिचं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचंच.

पूर्वी पॉलिश पेपरनं हातानं घासायचे, तेव्हा भुकटी पायाशी पडायची. घासायचं मशीन आलं आणि ती हवेत उडायला लागली. नीलाबाई खोकायला लागली. ती रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसते. एका सकाळी खोकल्याची अशी उबळ आली, की लिंग हातातून पडता पडता राहिलं. बसवंत चप्पल न घालताच माझ्याकडे आला.

"सर, धूळ ओढायचं मशीन घ्यावं म्हणायलोय. तिचं खोकणं बघवंना झालंय. तुम्ही चला संगट. मला त्यातलं काय कळतंय?"

गेलो. लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानात मी दोन तास उभा होतो. पाइपाचा घेर बसवंतनं सोबत आणलेल्या घासायच्या मशीनला बसतो का ते पाहिलं. ओढ किती ते विचारलं. घासायचं मशीन चालू केल्याबरोबर हे आपोआप चालू होतं का, तेही करून बघितलं. शेवटी दोन मशीनं उरली. एकात बंद कागदी पिशवी. भरली की तोंड चिकटवून तशीच टाकून द्यायची. दुसऱ्यात कापडी, झटकून पुन्हा लावायची.

"घासकामाला बंद पिशवीचंच घ्या सर," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"आणि जन्मभर तुमच्याकडून पिशव्या विकत घेऊ, नाही का?" मी म्हणालो. बसवंत हसला. मग त्यानं एकच गोष्ट विचारली.

"बाई, कापडीतली भुकटी काढता येती ना? मला कामाला लागती."

"येते, पण..."

"मग हेच बांधा," मी म्हणालो.

त्या बाईंचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. मुलांनो, पूर्ण वाक्यात उत्तर द्या, असं वर्गात ओरडण्यात माझी बत्तीस वर्षं गेली.

मशीन आलं आणि शेड बदलूनच गेली. दुपारी पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या कवडशात मी कण शोधले. एखाददुसरा दिसला असेल. मी खूश झालो. नीलाबाईला बोलावून नीट शिकवलं. संध्याकाळी पिशवी काढायची, परसात न्यायची, डबा भरून घ्यायचा आणि मग पिशवी भिंतीवर बारा वेळा आपटायची. कमी आपटली तर कापडाची छिद्रं बुजतात, ओढ कमी होते आणि धूळ बसवंतच्या छातीत जाते.

"ह्यांच्या छातीत?" तिनं विचारलं.

"हो तर."

"मग बारा म्हंजे बारा," ती म्हणाली.

त्यानंतर दोन वर्षं, चहाच्या वेळेला आमच्या भिंतीवर बारा धपके ऐकू यायचे. मी कपातला चहा पीत मोजायचो. कधी अकरा झाले नाहीत. धपक्यांच्या मागोमाग खोकला यायचा. बसवंतनं दोन-तीनदा विचारलं, सर, शेड तर साफ हाय, मग हिचं कमी का होईना? जुना खोकला आहे, जायला वेळ लागतो, असं मी सांगितलं. मला खरंच तसं वाटत होतं, आणि ते खोटं बोलण्याहून वाईट आहे.

यंदा तिला उंबरा ओलांडला तरी धाप लागायला लागली. भाकरी थापता थापता मध्येच थांबून ती परातीला धरून बसायची. काढे झाले, वाफारे झाले, औशातल्या डॉक्टरांची औषधं झाली. सकाळच्या पूजेला बसवंत तिच्यासमोर मांडी घालून बसायला लागला. तिच्या तळहाताखाली तो आपला तळहात धरायचा. पूजा होईपर्यंत काढायचा नाही.

मागच्या सोमवारी आम्ही तिघं लातूरला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो लावून बराच वेळ पाहिला. बसवंतची छाती तपासली, ती ठीक होती.

"लाकूड तुम्ही घासता आणि फुप्फुसं यांची खराब," ते म्हणाले. "बाई, तुम्ही दिवसभर काय करता?"

नीलाबाईनं दम खात खात सगळं सांगितलं. पिशवी, परस, डबा, लुगडं, भिंत. "रोज बारा येळा आपटती. ताप असला तरी आपटली. येक दिस चुकला न्हाई, इचारा सरांना. त्यांनीच शिकवलंय." गृहपाठ पुरा केलेल्या मुलीसारखी ती माझ्याकडे बघून हसली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग बसवंतला म्हणाले, खोलीभर पसरली असती ती सगळी बारीक धूळ तुम्ही एका पिशवीत गोळा केलीत, आणि रोज यांच्या तोंडापुढे झाडलीत.

"मशीन बदलतो साहेब. आजच बदलतो," बसवंत म्हणाला. "मग भरून येईल ना?"

"आहे तेवढा श्वास टिकवायचा प्रयत्न करू. गेलेला परत येत नाही."

 दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बसवंत मलाच म्हणाला, "सर, जपून, पायरी उंच हाय." त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता शेडमध्ये कागदी पिशवीचं मशीन आहे आणि बसवंत भेगांना बाजारातली लांबी भरतो. ती दिसते. आज चहाच्या वेळेला भिंतीवर काही वाजलं नाही, पण पलीकडे खोकला सुरू झाला. सवयीनं मी मोजायला लागलो. तो बारावर थांबला नाही.