आगाशीची म्हणून सांगितलेली बाई

मंडळी, आज वर्गात मी माती खाल्ली.

कॉलेज चालवणाऱ्या प्राध्यापकांना मी नेतृत्व शिकवते. निर्मळ गावच्या फिलोमिनाताई माझ्या विद्यार्थिनी, वयाने मोठ्या, एका कॉलेजच्या प्रभारी प्राचार्य. ट्रस्टींनी दम दिला म्हणून एका चांगल्या शिक्षकाला काढायच्या पत्रावर त्यांनी सही केली आणि केबिनचं दार लावून रडल्या. हे त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं.

आज त्या येणार नव्हत्या. मी नाव बदललं, निर्मळचं आगाशी केलं आणि तीच गोष्ट केस स्टडी म्हणून दिली. चर्चा ऐन रंगात असताना त्या येऊन मागच्या बाकावर बसल्या. मी पाहिलं. तरी थांबवलं नाही, वर्ग इतका छान चालला होता!

"असल्या बाईला खुर्चीवर बसवलंच कोणी?" एक तरुण विभागप्रमुख म्हणाला. सगळे हसले. मीही.

वर्ग सुटल्यावर ताईंनी नेहमीसारखी वाडीतल्या केळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "मॅडम, गाव बदललंत. माझं रडणं तेवढं गाळायचं होतंत."

साधं सॉरीही न म्हणता मी पिशवी घेऊन घरी आले.

केळी टेबलावर आहेत. घरात कोणी हात लावला की मी खेकसतेय. उद्या निर्मळला त्यांच्या दारात जाऊन काय बोलू? नेतृत्व शिकवणाऱ्या बाईला एवढं कोणीतरी शिकवा.