चोर स्विच

त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. गाडी चालवून पोट भरणाऱ्या माणसाला असं नाव सुखासुखी मिळत नाही. सकाळी ठरल्या मिनिटाला त्यांची पांढरी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आली की दवाखान्यातल्या नर्सबाई डबा उचलून बाहेर पडत, आणि व्हॅन दिसली म्हणून समोरचा न्हावी दुकान उघडी. तरुणपणी काका ट्रकवर क्लीनर होते. लोकांच्या गाड्या पुसता पुसता आपली गाडी कशी असेल ते त्यांनी मनात रंगवून ठेवलं होतं. ती आली, जुनी का होईना, पण आली. आणि मग काका तिला फार जपू लागले. कोणी दार आपटलं तर म्हणत, "घरचं दार असं लावता का?" आणि समोरचा हो म्हणाला तर म्हणत, "मग घरचंही नीट लावत जा."

एकदा बाजाराजवळून कोणीतरी गाडी पळवायला बघितली. तेव्हा काकांनी चोर स्विच बसवून घेतला. ड्रायव्हरच्या सीटखाली, बोटाला सापडेल पण डोळ्याला दिसणार नाही असा. तो बंद केला की पेट्रोलच्या पंपाला करंट जात नाही. चोराने किल्ली फिरवावी, इंजिनाने नुसतं घुर्र घुर्र करावं, आणि चोराने घाम पुसावा. स्विचची जागा त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. घरापुढे मात्र ते तो कधी बंद करत नसत. स्वतःच्या दारात कशाला?

त्या दिवशी नर्सबाईंची खेप त्यांनी दुसऱ्या गाडीवाल्याला दिली होती. बायकोचा धाकटा भाऊ मुक्कामाला आला होता. शीतगृहात ड्रायव्हरची जागा निघाली होती, आणि सकाळी तिथे त्याचं ड्रायव्हिंग बघणार होते. आदल्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला होता, "भाऊजी, एक चक्कर मारून येऊ का? बरेच दिवस चालवली नाही, जरा हात बसेल." काका म्हणाले, "सकाळी बघू." लहान असताना याच मेहुण्याने न विचारता गाडी नेली होती आणि मागचा दिवा फोडून आणला होता. त्याला मिसरूड फुटलं, लग्न झालं, पण काकांच्या डोक्यात तो दिवा फुटलेलाच राहिला.

सकाळी मेहुणा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा राहिला. बहिणीने त्याची कॉलर नीट केली. काकांनी किल्ली फिरवली.

घुर्र, घुर्र, घुर्र. इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही.

पुन्हा मारला सेल. पुन्हा तेच.

न्हावी दुकानातून ओरडला, "काय हो, आज घड्याळ बंद पडलं?"

ते काकांना लागलं. ते खाली उतरले आणि चारचौघांत मेहुण्याला म्हणाले, "रात्री किल्लीला हात लावलास का? खरं सांग."

"नाही, भाऊजी."

"मग आजच कशी बंद पडली? काल ठणठणीत होती."

"अहो, काय बोलताय त्याला?" बायको म्हणाली.

मेहुण्याने बाह्या दुमडल्या आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावून आणलं.

मिस्त्री बडबड्या माणूस. प्लग काढून ठिणगी बघितली. "ही तर छान पडतेय." मग इंजिनाकडे येणारी नळी सोडवली आणि काकांना सेल मारायला लावलं. नळीतून थेंबही आला नाही. "पेट्रोल वर चढत नाही. टाकीत आहे ना, का हवेवर चालवता?"

"अर्धी भरलीय."

"थांबा. सगळे गप्प बसा. काका, सेल मारू नका, किल्ली नुसती ऑन करा." मिस्त्रीने मागच्या सीटखाली कान लावला. "पंपाचा आवाजच नाही. करंट मेला कुठेतरी."

करंट हा शब्द ऐकला आणि काकांना रात्रीचं आठवलं. रात्री सगळे झोपायच्या तयारीत असताना, अंगणातली चप्पल आत घेतो म्हणून ते बाहेर आले होते. गाडीचं दार उघडून सीटखाली हात घातला होता. टक्. घरात पाहुणा होता, म्हणून.

आता हात खाली घालायचा आणि बटण दाबायचं, संपलं. पण त्यांच्या पायांशी मेहुणा होता. फूटमॅट उचलून, पेडलपाशी डोकं घालून तो मिस्त्रीला बॅटरीचा उजेड दाखवत होता. इस्त्रीच्या सदऱ्यावर काळ्या ग्रीसचा पंजा उमटला होता.

"फ्यूज चांगला," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे मधे वायर तुटलीय. ही बघ, इकडून जातेय." वायर चिमटीत धरून त्याची बोटं कार्पेटखालून सरकू लागली. मागे नाही, काकांच्या सीटकडे. "काका, उठा जरा."

काका उठले नाहीत.

"भाऊजी, उतरा ना," मेहुणा खालून म्हणाला. "माझी वेळ झाली. बस पकडू का मी?"

त्याने वर बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती घाई होती. काकांना ते सोसवेना. त्यांनी सीटखाली हात घातला. टक् असा आवाज झाला आणि मागे पंप गुणगुणू लागला. किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"चोर स्विच!" मिस्त्री मांडीवर थाप मारून हसला. "मग आधी सांगायचं नाही का? रात्री बंद केलात आणि विसरलात होय! पण दारातल्या गाडीला कसला..." त्याची नजर मेहुण्याकडे गेली आणि वाक्य तिथेच राहिलं. तो पान्हे गोळा करू लागला.

बायको आत गेली. आत भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

मेहुण्याने हात पुसले, बाह्या खाली केल्या. ग्रीसचा डाग लपेना, म्हणून कागदांची फाइल छातीशी धरली. काका खाली उतरले आणि किल्लीकडे हात करून म्हणाले, "तू चालव. हात बसेल."

"नको, भाऊजी. तुम्हीच घ्या. उशीर झालाय."

आणि तो पुढचं दार सोडून मागे जाऊन बसला.

रस्ताभर काकांनी आरशात पाहायचं टाळलं. मागचं दिसावं म्हणून तो आरसा असतो, आणि मागे तो बसलेला. "चूक झाली" एवढे दोन शब्द त्यांच्या जिभेवर येत, आणि पुढचा गतिरोधक आला की परत घशात जात. शीतगृहाच्या फाटकापाशी मेहुणा म्हणाला, "थांबू नका, तुमची कामं असतील." काका थांबले. उन्हात, काचा खाली करून, दुपारपर्यंत.

तो बाहेर आला तो हसत. "मिळालं, भाऊजी! सोमवारपासून."

काका घाईघाईने खाली उतरले, पुढचं दार उघडून धरलं. "वा! ये, पुढे ये. बस."

"मागेच बसतो की," तो म्हणाला, अगदी गोड आवाजात. "पाय पसरता येतात."

मागच्या सीटवर गुडघे पुढच्या सीटला टेकतात. ते काकांइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी उघडलेलं दार हळूच लावलं आणि चालवायला बसले.