चंद्रीचं दुखायचं थांबलं

माझा धाकटा भाऊ भावकू म्हंजे लई हेकट माणूस. बोरगावात कुणाच्याबी घोड्याच्या पोटात दुखलं की आधी ह्याला बोलावणं. हा जाणार, पोटाला कान लावून आतडी गुरगुरतात का ऐकणार, मग घोड्याला तासभर फिरवणार. बरीच घोडी अशी बरी झाली, आणि तिथंच ह्याचं डोस्कं फिरलं. लग्न केलं न्हाय. शर्यतीची घोडी चंद्री, तेच त्याचं घरदार.

परवा सकाळी चंद्री खुरानं जमीन उकरायला लागली. सारखी वळून पोटाकडं बघायची, धाडकन अंग टाकून लोळायची. घामानं नुसती भिजली. भावकू तिला अंगणात फिरवत होता. मी म्हटलं, "अरं, निपाणीच्या डॉक्टरीणबाईंना फोन कर की!"

"आक्का, तू गप बस. त्या काल शिकून आल्या. माझी हयात गेली ह्यात."

दुखणं थांबवायचं एक इंजेक्शन शर्यतीच्या वेळचं उरलं होतं, ते त्यानं टोचलं. तासभर बरं, परत तीच धडपड. तव्यावरची भाकरी करपली तरी कळलं न्हाय.

बाराच्या सुमाराला चंद्री एकदम शांत झाली. मान खाली घालून नुसती हुबी. भावकूनं पोटाला कान लावला. "काय आवाज न्हाय. निवली बघ आतडी," म्हणाला आणि हसला. लगेच शर्यतीच्या गाडीम्होरं नारळ फोडून गल्लीत खोबरं वाटलं. मला मात्र ते गिळंना. घोडीचे कान हाताला गार लागत होते, आणि ती पाण्याकडंबी बघंना. आत जाऊन मीच फोन लावला.

निपाणीच्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर पारमिता, आल्या तवर दोन वाजले. त्यांनी चंद्रीचा ओठ वर केला. हिरड्या जांभळ्या पडलेल्या. सुईनं पोटातलं पाणी काढलं, ते तांबडं गढूळ.

"मामा, ही शांत कधी झाली?"

"झाले की दोन तास. बरी हाय न्हवं?"

"आतड्याला पीळ बसलाय. रक्त पोचंना झालं. आतडं जितं होतं तवर दुखत होतं. आता ते मेलंय, म्हणून थांबलं."

भावकूनं परत चंद्रीच्या पोटाला कान लावला. "सकाळी फोन केला असता तर?"

"आप्रेशनला न्यायला वेळ होता. वाचलीच असती असं न्हाय सांगत मी. पण आता विष अंगात भिनलंय. पुढं लई हाल होतील, मामा. तिला सोडवू या."

सकाळपासनं माझ्या तोंडात चार शिव्या तयार होत्या. एकबी भाईर पडली न्हाय.

भावकू चंद्रीच्या तोंडापाशी गेला. "टोचा. पर लगाम मी धरतो."

सुई बघून चंद्री मागं सरली. भावकूनं तिचं कपाळ चोळलं. "काय न्हाय गं. मी हाय न्हवं?"

तेवढं ऐकून तिनं निमूट मान पुढं केली.