वडिलांची रायफल

शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला की मला घाटकोपरचं ते बंदूक दुरुस्तीचं दुकान आठवतं. सातवीत शाळा सुटलेला, सावंतवाडीकडून आलेला मी तिथे हाताखाली काम शिकत होतो. मालक घरी पाठवतील या धास्तीने माझे हात कायम कापायचे. शिकारबंदीला दहा-बारा वर्षं झाली होती. एके दिवशी वनखात्याचे एक साहेब दोन रायफली घेऊन आले. नरभक्षक वाघिणीला मारायला त्यांना जायचं होतं. एक रायफल त्यांच्या वडिलांची, दुसरी त्याच कंपनीची, त्याच नावाची, पण पुढच्या पिढीची, हलकी आणि चकचकीत. "नवीच नेतो," साहेब म्हणाले. मालकांनी दोन्हींत बिनदारूची खोटी काडतुसं भरली आणि मला म्हणाले, "ये रे, काडतूस आत ढकलायचा हा बोल्ट तू ओढ." साहेब हसले, "याचे हात बघा की!" "वाघीण समोर आली की तुमचे पण असेच होतील ना साहेब," मालक म्हणाले. घाबरून मी दोन्हींचा बोल्ट अर्धाच पुढे नेला, मागे ओढला, पुन्हा ढकलला. नवीत पहिलं काडतूस वाटेतच राहिलं आणि दुसरं त्यावर अडकलं. जुन्या बोल्टच्या लांब पोलादी नखीने मात्र काडतूस सुरुवातीपासून धरलेलं. तिने ते मागे आणून बाहेर टाकलं आणि दुसरं नीट आत गेलं. साहेबांनी वडिलांची उचलली. पुढे ते परत आले तेव्हा म्हणाले, "पहिली गोळी चुकली, आणि माझा बोल्ट अर्ध्यातूनच मागे आला. तरी पुढचं काडतूस नीट आत गेलं, म्हणून वाचलो," आणि माझा हात धरून उभे राहिले. मालकांनी मला सांभाळलं, ते उपकार आहेतच. पण माझी भीती कुणाच्या कामी आली, ती आजवर तेवढी एकदाच.